डेटन, १९१३: महापूर, वाहून गेलेले पूल आणि दरवाजे नसलेली पाच धरणे

पार्श्वभूमी

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नैर्ऋत्य भागातून ग्रेट मायामी नावाची नदी वाहते आणि पुढे ओहायो नदीला मिळते. फ्लॉरिडातील मायामी शहराशी तिचा काही संबंध नाही. पिक्वा, ट्रॉय, डेटन, मायामीझबर्ग, फ्रँकलिन, मिडलटाउन आणि हॅमिल्टन ही गावे-शहरे या नदीच्या काठाने एकाखाली एक वसलेली आहेत. डेटन हे त्यांतले सर्वांत मोठे शहर. १९१० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १,१६,५७७ होती. स्टिलवॉटर, मॅड आणि वुल्फ क्रीक हे तिन्ही प्रवाह डेटनच्या परिसरातच मुख्य नदीला मिळतात. त्यामुळे वरच्या पाणलोटात एकाच वेळी पाऊस झाला, तर चारही प्रवाहांचे पाणी जवळजवळ एकाच वेळी शहराच्या वेशीवर येऊन ठेपते.

शहराची वसाहत १७९६ मध्ये सुरू झाली आणि १८०५ मध्येच तिने पहिला मोठा पूर अनुभवला. पुढे एकोणिसाव्या शतकात असे पूर अनेकदा आले. प्रत्येक पुरानंतर काठावरचे मातीचे पूरबांध थोडे उंच करायचे आणि त्यांच्या आडोशाने पुन्हा घरे, दुकाने, कारखाने उभारायचे, अशी रीतच पडून गेली. या प्रकरणातील पहिली निर्णयाची जागा इथे आहे, आणि ती १९१३ च्या कितीतरी आधीची आहे. बांधाची उंची ठरवताना मागचा पूर हेच प्रमाण मानले गेले. नदी जास्तीत जास्त किती पाणी आणू शकते, हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नाही. पूरबांध वाढत गेले तसा त्यांच्यामागच्या सखल वस्तीचा निर्धास्तपणाही वाढत गेला, आणि बांध फुटला तर बुडणारी मालमत्ता दर वर्षी अधिक मोलाची होत गेली.

या लेखात शहरे, सार्वजनिक पदांवरील व्यक्ती आणि संस्था यांचा नावानिशी उल्लेख आहे. सामान्य रहिवाशांची नावे मात्र कुठेही दिलेली नाहीत.

पाऊस आणि पूर

२३ मार्च १९१३ हा ईस्टरचा रविवार होता. त्या दिवशी सुरू झालेल्या पावसाने पुढच्या काही दिवसांत मायामी खोऱ्यावर आठ ते अकरा इंच पाणी ओतले. हिवाळा संपत आलेला असल्याने जमीन आधीच ओलीने भरलेली होती आणि झाडांना पाने नव्हती. पडलेल्या पावसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी जमिनीत न मुरता थेट ओढ्या-नद्यांत उतरले. पावसाचा आकडा वाचताना ही गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. तेवढाच पाऊस उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीवर पडला असता, तर पूर आलाही असता, पण तो इतका मोठा नसता.

मंगळवारी, २५ मार्चच्या पहाटे पाणी पूरबांधांच्या माथ्याला लागले. कारखान्यांचे भोंगे आणि चर्चच्या घंटा वाजवून लोकांना सावध करण्यात आले. परंतु पूर पाहण्याची सवय असलेल्या लोकांपैकी अनेकांनी हा इशारा नेहमीचाच मानला. सकाळी बांध ओलांडून पाणी शहरात शिरले आणि नंतर बांध फुटू लागले. पुराचा कळस २५ मार्चची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे २६ मार्चला पहाटेपूर्वी आला. त्या वेळी डेटनमधून वाहणारा प्रवाह सुमारे अडीच लाख घनफूट प्रतिसेकंद होता, असा अंदाज अभियंत्यांनी नंतर मांडला. पूरबांधांच्या आतून सुरक्षितपणे वाहून नेता येईल असे पाणी याच्या निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे बांध आणखी चार-दोन फुटांनी उंच किंवा अधिक भक्कम असते तरी फरक पडला नसता, कारण इथे हिशेबच मुळात चुकलेला होता.

शहराच्या मध्यभागी काही ठिकाणी पाण्याची खोली वीस फुटांपर्यंत गेली. लोक वरच्या मजल्यांवर, तेथून माळ्यावर आणि शेवटी छतांवर चढले. गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या. चहूबाजूंनी पाणी असूनही अग्निशमन दलाला आगीपर्यंत पोहोचता येत नव्हते, त्यामुळे बाजारपेठेतील इमारती जळत राहिल्या. पाठोपाठ थंडी वाढली आणि बर्फ पडू लागला. संपूर्ण खोऱ्यात ३६० हून अधिक माणसे मृत्यू पावली आणि त्या काळच्या किमतीने सुमारे दहा कोटी डॉलरचे नुकसान झाले.

विमानविद्येचे जनक राइट बंधू याच शहराचे. त्यांचे घर पाण्यात गेले आणि १९०३ मध्ये उडालेले पहिले विमान ज्या पेट्यांत ठेवले होते, त्या पेट्या चिखलाखाली अनेक दिवस पडून राहिल्या. पहिल्या उड्डाणाच्या छायाचित्राची काचेची निगेटिव्ह वाचली, पण तिचा कोपरा खराब झाला. ज्या हजारो घरांमागे इतिहास उभा नव्हता, त्यांच्या कागदपत्रांचे आणि छायाचित्रांचे काय झाले असेल, हे यावरून ओळखता येते.

पूल: पुराचे बळी आणि पुराचे कारणही

डेटनच्या खाली असलेल्या हॅमिल्टन शहराची अवस्था पुलांच्या दृष्टीने सर्वांत वाईट झाली. २५ मार्चला काही तासांच्या आत तेथील चारही पूल, त्यात रेल्वेचा पूलही आला, वाहून गेले. नदीच्या दोन काठांवर वसलेले एकच शहर एका दिवसात दोन वेगळी शहरे झाले. एका काठावर डॉक्टर, दुसऱ्या काठावर जखमी. एका बाजूला बेघर माणसे, दुसऱ्या बाजूला त्यांना निवारा देऊ शकणाऱ्या इमारती, अशी ही स्थिती होती. पूल पडल्याची हानी मोजताना आपण बहुधा बांधकामाचा खर्च धरतो. पुरात तुटलेल्या पुलाची खरी किंमत मात्र त्या पुढच्या काही दिवसांत जे करता आले नाही त्यात असते.

पूल पुरात का पडतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय नीट कळणार नाहीत. पाणी पुलाच्या गाळ्यांतून मोकळेपणी जात असते तोपर्यंत पूल बहुधा टिकतो. पातळी गाळ्याच्या तळाला लागली की वाहत आलेली झाडे, लाकडाचे ओंडके, कोठारे आणि अख्खी घरे पुलाला अडकू लागतात. अडकलेल्या राड्यारोड्याची भिंत तयार होते आणि मूळ पुलापेक्षा कितीतरी मोठ्या क्षेत्रफळावर पाण्याचा दाब येतो. खाली, खांबांच्या बुडाशी, वेगवान प्रवाह माती आणि वाळू खरवडून काढत असतो. वरून ढकलणारा दाब आणि खालून सुटणारा आधार अशा दुहेरी माऱ्याने पूल जातो.

तथापि, पडण्याआधी तोच पूल वरच्या बाजूची पातळी वाढवतो. अडकलेला पूल म्हणजे शहराच्या मधोमध घातलेला अनाहूत बंधारा होय. तो टिकला तर वरची वस्ती बुडते आणि फुटला तर अडलेले पाणी व राडारोडा एकदम खालच्या वस्तीवर आणि पुढच्या पुलावर जाऊन आदळतो. एका पाठोपाठ एक पूल जाण्याचे रहस्य हेच असते. पूल आणि पूर यांचा विचार दोन वेगळ्या खात्यांनी दोन वेगळ्या टेबलांवर करण्याची पद्धत किती घातक आहे, याचे हॅमिल्टनइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

नदीला समांतर जाणाऱ्या मायामी-ईरी कालव्याचेही असेच झाले. रेल्वेमुळे आधीच मागे पडलेल्या या कालव्याची काही जलद्वारे पाण्याला वाट करून देण्यासाठी सुरुंगाने उडवण्यात आली. पुरानंतर कालव्याची वाहतूक पुन्हा उभी राहिली नाही.

पुराच्या दिवसांतील निर्णय

त्या आठवड्यात काही निर्णय फार चांगले झाले. दुकानांतील रोकड नोंदवणारी यंत्रे (कॅश रजिस्टर) बनवणाऱ्या डेटनमधील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा कारखाना उंचावर होता. कंपनीचे प्रमुख जॉन पॅटरसन यांनी २५ तारखेच्या सकाळीच, शहर बुडण्याआधी, नेहमीचे उत्पादन थांबवले आणि सुतारखात्याला सपाट बुडाच्या होड्या बनवायला लावले. पुढच्या काळात अशा पावणेतीनशेच्या आसपास होड्या तयार झाल्या. कारखान्याच्या इमारतीत स्वयंपाकघर, दवाखाना आणि हजारो माणसांचा निवारा उभा राहिला. अवघ्या महिन्याभरापूर्वी याच पॅटरसन यांना व्यापारात मक्तेदारी केल्याच्या खटल्यात न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावलेली होती. ती पुढे अपिलात रद्द झाली. माणसाचे मूल्यमापन एकाच प्रसंगावरून करू नये, असे मला वाटते, आणि ते दोन्ही बाजूंनी लागू आहे.

ओहायोचे गव्हर्नर जेम्स कॉक्स स्वतः डेटनचेच होते. त्यांनी नॅशनल गार्ड हे राज्याचे राखीव सैन्यदल पाठवून पूरग्रस्त भागात लष्करी अंमल लागू केला. शहरातील दूरध्वनी केंद्रात अडकून पडलेल्या एका कर्मचाऱ्याने उरलेल्या एका तारेवरून राजधानी कोलंबसशी संपर्क टिकवून ठेवला, म्हणूनच शहराची खरी स्थिती बाहेर कळत राहिली. या सगळ्याने अनेक जीव वाचले. परंतु हे निर्णय पूर आल्यानंतरचे होते, आणि या प्रकरणाचे वेगळेपण पूर ओसरल्यानंतरच्या निर्णयांत आहे.

समोर असलेले पर्याय

मे १९१३ मध्ये, चिखल अजून पुरता उपसलेला नसताना, डेटनमध्ये पूरनिवारणासाठी वर्गणी सुरू झाली. ‘माळ्यावर दिलेली वचने आठवा’, म्हणजे पुरात माळ्यावर अडकलेले असताना स्वतःशी केलेले निश्चय विसरू नका, असे आवाहन लोकांना करण्यात आले. जमलेली रक्कम दाखवण्यासाठी न्यायालयाच्या इमारतीपुढे प्रचंड आकाराचे कॅश रजिस्टर उभारले होते. थोड्याच दिवसांत २० लाख डॉलरहून अधिक रकमेची वचने मिळाली. ही वर्गणी सरकारी मदतीची वाट न पाहता झाली आणि ज्यांचे स्वतःचे घर वाहून गेले होते, त्यांनीही तीत भाग घेतला.

पैसा जमल्यावर तो लवकर खर्च व्हावा, असा दबाव येणे स्वाभाविक होते. लोकांना शहरात यंत्रे चाललेली दिसायला हवी होती. सर्वांत सरळ पर्याय होता नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचा आणि पूरबांध वाढवण्याचा. या कामासाठी नेमलेले तरुण अभियंते आर्थर मॉर्गन यांनी हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की १९१३ एवढे पाणी केवळ पात्रातून न्यायचे झाल्यास शहराचा मोठा भाग पाडावा लागेल आणि पुलांची बांधणीही त्या मानाने नव्याने करावी लागेल. शिवाय डेटनमधून वेगाने सोडलेले पाणी खालच्या मिडलटाउन आणि हॅमिल्टनवर जाऊन पडले असते. एका शहराचे संरक्षण म्हणजे दुसऱ्याचे संकट, असा हा पर्याय होता.

दुसरा पर्याय नेहमीच्या धरणांचा होता: पाणी साठवायचे, त्यावर वीज निर्माण करायची आणि पुराच्या वेळी दरवाजे चालवून प्रवाह आटोक्यात ठेवायचा. खर्च भरून निघण्याच्या दृष्टीने तो आकर्षक होता. तिसरा पर्याय सर्वांना अपरिचित होता. वरच्या खोऱ्यांत मातीची मोठी धरणे बांधायची, पण त्यांत पाणी साठवायचेच नाही. धरणाच्या तळाशी ठरावीक आकाराच्या, दरवाजे नसलेल्या काँक्रीटच्या मोऱ्या ठेवायच्या. नेहमीचे पाणी त्यांतून अडथळ्याविना जाईल. पुराच्या वेळी मोऱ्यांतून मावेल तेवढेच पुढे जाईल, बाकीचे धरणामागे तात्पुरते तुंबेल आणि काही दिवसांत आपोआप ओसरेल. फ्रान्समध्ये ल्वार नदीवरील पिने येथे अठराव्या शतकाच्या आरंभी याच तत्त्वाचा बंधारा घातलेला होता, त्याचा अभ्यास मॉर्गन यांनी केला.

निर्णय आणि विरोध

निवड तिसऱ्या पर्यायाची झाली. पाच कोरडी धरणे आणि त्यांना पूरक म्हणून नऊ गावांतील पात्राची सुधारणा, असा आराखडा ठरला. पूर्व अमेरिकेतील मोठ्या वादळांच्या नोंदी आणि युरोपातील नद्यांच्या जुन्या पुरांच्या नोंदी तपासून संरक्षणाची पातळी १९१३ च्या पुरापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक ठेवण्यात आली. मागचा पूर हेच प्रमाण मानण्याची शतकभराची सवय इथे मोडली गेली.

मोऱ्यांना दरवाजे न ठेवण्याचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दरवाजा असला की तो उघडायचा केव्हा हे ठरवणारा माणूस लागतो. त्याला वेळेवर खबर मिळावी लागते, यंत्र चालावे लागते, आणि खालच्या-वरच्या गावांचे परस्परविरोधी दबाव सोसून त्याला रात्री-अपरात्री निर्णय घ्यावा लागतो. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. साठवलेले पाणी उपयोगी असते, म्हणून ते सोडून देणे जिवावर येते. आणि ज्या दिवशी पूर येतो, त्या दिवशी भरलेले धरण पूर अडवू शकत नाही. मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या मोहाची पूर्ण जाणीव होती. ही धरणे वीजनिर्मितीसाठी किंवा पाणी साठवण्यासाठी वापरली, तर खालच्या शहरांना धोका निर्माण होईल, असा इशारा त्यांनी धरणांवरच दगडात कोरून ठेवला.

कायद्याची वाट सोपी नव्हती. अनेक जिल्ह्यांत पसरलेल्या नदीखोऱ्याचा एकत्रित कारभार पाहणारी, जमीन संपादन करणारी आणि ज्याला जेवढा लाभ त्याप्रमाणे कर बसवणारी संस्था स्थापन करण्याची तरतूद ओहायोमध्ये नव्हती. तसा कायदा फेब्रुवारी १९१४ मध्ये झाला. वरच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते की डेटनला वाचवण्यासाठी आमच्या शेतांत पाणी का तुंबवायचे? कायदा रद्द करण्याचे प्रयत्न झाले, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, कायदा टिकला, आणि जून १९१५ मध्ये मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट ही संस्था अस्तित्वात आली.

अंमलबजावणी

काम १९१८ मध्ये सुरू झाले. महायुद्धामुळे माणसे आणि सामग्री यांची टंचाई असल्याने संस्थेने ते मोठ्या प्रमाणावर स्वतःच केले. मजुरांसाठी कुटुंबासह राहता येतील अशा वसाहती आणि मुलांसाठी शाळा उभारल्या. जर्मनटाउन, एंगलवूड, लॉकिंग्टन, टेलर्सव्हिल आणि हफमन ही पाचही धरणे १९२२ पर्यंत पूर्ण झाली. खर्च तीन कोटी डॉलरहून अधिक आला आणि तो खोऱ्यातील लोकांनीच कराच्या रूपाने उचलला.

धरणामागची जमीन घेण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवली होती. संस्थेने बरीचशी जमीन विकत घेतली आणि तीवर पाणी तुंबवण्याचा हक्क राखून ती पुन्हा शेतीसाठी विकली. पूर बहुधा हिवाळ्यात व वसंताच्या आरंभी येत असल्याने तिथली शेती चालू राहिली.

ऑस्बोर्न या गावाचा प्रश्न मात्र शेतीइतका सोपा नव्हता. हफमन धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याच्या क्षेत्रात हे अख्खे गाव येत होते. रेल्वेमार्ग दुसरीकडून वळवण्यात आले. घरे पाडून टाकण्याऐवजी रहिवाशांनी स्वतःची कंपनी काढली, आपली घरे संस्थेकडून परत विकत घेतली आणि त्यांतील सुमारे चारशे घरे ओढत नेऊन शेजारच्या फेअरफील्ड गावालगत पुन्हा बसवली. ही दोन गावे १९५० मध्ये एक होऊन फेअरबोर्न झाली. धरणामुळे उठलेल्या गावांच्या कहाण्या आपल्या ओळखीच्या आहेत. घरे, शेजार आणि गावाचे नाव बरोबर घेऊन जाण्याची संधी त्यांतल्या फार थोड्यांना मिळते.

परिणाम

१९२२ पासून या धरणांनी दोन हजारांहून अधिक वेळा पाणी अडवले आहे. जानेवारी १९५९ आणि जानेवारी २००५ मधील पूर हे त्यांतील मोठ्या कसोटीचे प्रसंग होते. धरणांच्या संरक्षणाखालील शहरांत १९१३ सारखी स्थिती पुन्हा आली नाही. मॉर्गन पुढे १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली अथॉरिटी या टेनेसी नदीखोऱ्याच्या विकासासाठीच्या सरकारी संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले.

वेगळे काय करता आले असते

पुराआधीचा विचार केला, तर सर्वांत मोठी उणीव वर सांगितलेल्या हिशेबाची आहे. मोठ्या वादळांच्या आणि जुन्या पुरांच्या नोंदी १९१३ च्या आधीही उपलब्ध होत्या. त्या एकत्र करून वाचण्याचे काम आपत्तीनंतर झाले. पुलांच्या बाबतीत, गाळ्याचा तळ आणि अपेक्षित पूरपातळी यांच्यात राडारोडा निघून जाण्याइतकी मोकळी जागा ठेवणे, पात्रात कमीत कमी खांब घेणे आणि शहराच्या दोन भागांना जोडणारा निदान एक पूल बाकीच्यांपेक्षा उंच व भक्कम बांधणे, एवढे झाले असते, तरी हॅमिल्टन दोन तुकड्यांत तुटले नसते. इशाऱ्याची व्यवस्था होती. पण भोंगा वाजल्यावर कोणत्या वस्तीने कुठे जायचे, हे ठरलेले नव्हते, त्यामुळे माळा हेच बहुतेकांचे आश्रयस्थान ठरले.

पुरानंतरच्या निर्णयांतही एक गोष्ट खटकते. वर्गणी देणारे, समिती चालवणारे आणि अभियंते नेमणारे लोक प्रामुख्याने डेटनचे होते. धरणे जिथे होणार होती, त्या वरच्या जिल्ह्यांतील शेतकरी या प्रक्रियेत आले ते विरोधक म्हणून. कायद्याने प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायाधीशाला निर्णय देणाऱ्या न्यायालयात स्थान दिले खरे, पण ती पुढची पायरी होती. पर्याय तपासले जात असतानाच या शेतकऱ्यांना बोलावले असते, पाणी किती दिवस तुंबेल आणि कोणत्या महिन्यांत तुंबेल याचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले असते, आणि जमीन परत विकण्याची योजना तेव्हाच सांगितली असती, तर विधिमंडळात आणि न्यायालयांत गेलेल्या काळापैकी काही काळ वाचला असता. त्या काळात खोरे पूर्वीइतकेच उघडे होते. आणखी एक मोठा पाऊस १९१८ च्या आधी आला असता, तर त्याला थोपवायला काहीच उभे नव्हते.